फुकटच्या सॉफ्टवेअरचा जाब कुणाला?

मुक्त सॉफ्टवेअरमधल्या दोषांच्या तक्रारी महिनोन्‌महिने पडून राहतात आणि हा निव्वळ हलगर्जीपणा आहे, असे गेल्या अंकातील पत्रलेखक म्हणतात. तक्रारी पडून राहतात हे मान्य. पण त्या सोडवायला बसलेले असते कोण?

फायलींचा आकार लहान करणारे ‘एक्सझेड’ घ्या. लिनक्सवर ते जवळपास सर्वत्र असते. फिनलंडचे लासे कॉलिन ते वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने, बिनपगारी सांभाळत होते. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी, थेट आपल्या पत्रलेखकांच्याच सुरात, दिरंगाईबद्दल त्यांच्यामागे तगादा लावला. मन:स्वास्थ्य ठीक नाही, हे काम छंद म्हणून करतो, असे त्यांनी सांगून पाहिले. पुढे ‘जिया टॅन’ नावाच्या तत्पर मदतनिसाला त्यात बदल करण्याचे अधिकार मिळाले आणि २०२४ मध्ये ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसला. तगादा लावणारी नावेही बनावटच असावीत, असा दाट संशय आहे. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जादा लागतोय हे खटकले, म्हणून बिंग फुटले. (अर्ध्या सेकंदासाठी खोलात शिरणारी माणसे किती असतात?)

आता पत्रलेखकांच्या स्वतःच्या पडून राहिलेल्या तक्रारीबद्दल. आवृत्ती कोणती, दोष पुन्हा कसा घडवून पाहता येतो, हे त्यांनी कळवले होते का? ‘चालत नाही’ एवढ्यावर कुणीच काही दुरुस्त करू शकत नाही. आणि त्यांची कंपनी मुक्त सॉफ्टवेअर वापरून धंदा करते, तर दुरुस्तीसाठी तिने एखादा माणूस किंवा चार पैसे दिले असल्यास तेही कळवावे.

— एक वाचक, ठाणे