सर्कलची सही

चऱ्होलीत जमिनीचा विषय निघाला की तिसऱ्या वाक्याला प्रश्न येतो, ‘नोंद मंजूर झाली का?’ खरेदीखत झालं, पैसे पोचले, पेढे वाटले, तरी मंडळ अधिकाऱ्यानं, म्हणजे आपल्या सर्कलनं, फेरफार प्रमाणित करेपर्यंत कुणाचा जीव भांड्यात पडत नाही. 1997 मध्ये गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं, शेतांच्या जागी सोसायट्या आल्या. सातबाऱ्याचा धाक मात्र तसाच आहे. यंदाचा अंक खऱ्या-खोट्यावर काढायचं ठरलं, तेव्हा मला आधी ही सहीच आठवली.

तलाठी (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी, हाक मात्र जुनीच) गाव नमुना 6 मध्ये नोंद धरतो, चावडीवर लावतो, संबंधितांना नोटीस काढतो. पंधरा दिवसांत हरकत आली नाही की सर्कल सही करतो. कागद पाहिले जातातच. पण खरी मदार कुणी बोललं नाही यावर.

कायद्याला याची जाण आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 नुसार प्रमाणित नोंद ही उलट सिद्ध होईपर्यंत किंवा कायदेशीर नवी नोंद होईपर्यंत खरी मानायची असते. नुसती मानायची. इतकं सावध बोलणं चौकात ऐकू येत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच.

पण गप्प कोण राहिलं होतं? वडील वारले की वारसनोंदीत भावांची नावं चढायची. मुलींची ‘इतर हक्कां’त, नाहीतर कुठेच नाही. नोटीस जाते ती दप्तरात ज्यांचं नाव दिसतं त्यांना. जिचं नावच नाही, तिला कोण कळवणार? तिच्या न बोलण्याची संमती झाली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रानं 1994 मध्ये दिला, तोही आधी लग्न झालेल्यांना वगळून. ती अट 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीत राहिली नाही. मग जमिनींचे भाव चढले, बिल्डरांचे वकील जुने फेरफार उकरू लागले आणि विसरलेल्या बहिणी आठवू लागल्या. भाऊबीजेची साडी आणि हक्कसोडपत्र एकाच पिशवीतून येणं मला तरी पचत नाही.

या दिवाळीत माहेरी जाल तेव्हा सातबारा बघून घ्या. संकेतस्थळावर तो फुकट दिसतो. सरकारी कामाला डिजिटल सहीचा लागतो. त्यावर नावांजवळ जे आकडे असतात ते फेरफारांचे क्रमांक. ते फेरफार काढले की नाव नेमकं कुठे गळलं हे कळतं.