घरोघरी: दोन दप्तरं



आमच्या घरी सध्या रात्री दोन दप्तरं भरली जातात. एक कन्येचं, दुसरं आमच्या सौभाग्यवतींचं! बारा वर्षं केअर असिस्टंटचं काम केल्यावर सौ. यंदा युनिव्हर्सिटीत 'नर्सिंग असोसिएट' व्हायला निघाल्या आहेत.

हेल्थकेअर असिस्टंट आणि रजिस्टर्ड नर्स यांच्यामधली ही पायरी. इंग्लंडमध्ये याचं प्रशिक्षण २०१७ साली सुरू झालं. २०१९ पासून नोंदणी नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे होते. अभ्यासक्रम साधारण दोन वर्षांचा, निम्मा वेळ प्रत्यक्ष रुग्णांजवळ. अप्रेंटिसशिप मिळाली तर फी नाही, उलट पगार चालू राहतो. गणित-इंग्रजीचा दाखला मात्र हवा, सौ.नी त्यासाठी 'फंक्शनल स्किल्स, लेव्हल २'ची परीक्षा दिली. पुढे शिकून रजिस्टर्ड नर्सही होता येतं.

खरं सांगायचं तर, "या वयात कशाला?" असं पहिल्यांदा आम्हीच म्हणालो होतो. सौ. काही बोलल्या नाहीत. पण विद्यार्थिनीचं ओळखपत्र आलं, त्या रात्री त्या ते पुन्हा पुन्हा बघत होत्या. आमच्या नोकरीपायी इथे आल्यापासून त्यांची बी.ए.ची पदवी कपाटातच पडून होती. आमची आम्हालाच लाज वाटली.

आता लेक्चरच्या दिवशी पोळ्या आमच्याकडे. गोल होत नाहीत, पण कुणी उपाशी झोपत नाही.

तुमच्याही घरात कुणी असं मनात धरून बसलं असेल, तर वय काढू नका. फॉर्म कधी भरायचा, एवढंच विचारा.