इंजिनाची परीक्षा आणि मुलांची परीक्षा

बोरीकांठच्या मळ्यांत विजेचे पंप येण्यापूर्वीं विहिरीवर तेलाचें इंजिन चाले. हँडल मारून तें सुरू करणारा गडी धुराचा रंग व ठोक्यांचा आवाज यांवरून त्याचें दुखणें ओळखी. काळा धूर निघाला, तर तो नोझल काढून साफ करी. इंजिन फार तापलें, तर पाण्याची नळी तपासी. इंजिन अडलें म्हणून त्याला कोणी शेजारच्या मळ्यांतील इंजिनाचा दाखला देत नसे! मुलांच्या परीक्षांकडे मात्र आपण या दृष्टीनें कां पाहत नाहीं, हा प्रश्न आम्ही पालकांपुढें आणि स्वतःपुढेंही ठेवीत आहों.

शर्यतीच्या मोटारीचें इंजिन कसें सिद्ध होतें, तें पाहण्याजोगें आहे. मुंबईस विद्याविहार येथील सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीं ‘ओरायन रेसिंग इंडिया’ या नांवानें एका बैठकीच्या शर्यतगाड्या स्वतः बांधून जर्मनींतील स्पर्धेंत उतरविल्या. अशा स्पर्धांत पेट्रोलगाड्यांसाठीं नियम असा, कीं इंजिन ७१० घन सेंटिमीटरांहून मोठें नसावें व त्यांत जाणारी सर्व हवा अवघ्या २० मिलिमीटर व्यासाच्या भोंकांतून जावी. बहुधा मोटारसायकलचें इंजिन घेऊन विद्यार्थी त्याला हवेचा नवा मार्ग घडवितात. हवा जितकी आंत जाईल, त्या मानानेंच पेट्रोल जळेल व शक्ति मिळेल. आणि भोंकांतील हवेचा वेग ध्वनीच्या वेगास पोंचला, म्हणजे इंजिनानें कितीही ओढलें तरी अधिक हवा येत नाहीं. म्हणून नळ्यांची लांबी, पेट्रोलचें प्रमाण व ठिणगीची वेळ यांतच सारें कौशल्य.

तें साधलें कीं नाहीं, हें डायनॅमोमीटर सांगतो. इंजिन त्याला जोडून भार घालतात आणि पीळ मोजतात. मिनिटास ९,००० फेरे होत असतां पीळ ५० न्यूटन-मीटर भरला, तर सुमारें ६३ अश्वशक्ति झाली. त्या वेगांत दट्ट्या दर सेकंदास ३०० वेळां थांबून उलट फिरतो. ठिणगी फार लवकर पडली, तर कांहीं मिश्रण आपोआप भडकून ठोके बसतात. ते तसेच चालूं दिले, तर दट्ट्या जळूंही शकतो. ठोके लागले कीं ठिणगी कांहीं अंश मागें घेतात, आंकडे वहींत टिपतात आणि पुन्हा परीक्षा घेतात. दोष येथें सांपडला तर समाधानच. न सांपडलेला दोष सुमारें २२ किलोमीटरांच्या दमाच्या धांवेंत गाडी उभी करतो.

आतां आपल्या घरीं काय होतें? ‘किती मिळाले?’ हा पहिला प्रश्न, आणि ‘शेजारच्या मुलास किती?’ हा दुसरा. गुण कोठें गेले, हें विचारावयाचें राहूनच जातें. आम्ही शिक्षकही तांबड्या शाईनें बेरीज मांडतों व मोकळे होतों. निकालाच्या दिवशीं दिवेलागणीपर्यंत शाळेच्या पायऱ्यांवर बसून राहिलेलीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. घर जवळ असूनही त्यांस घरीं जाववत नव्हतें. ज्या परीक्षेनें दोष दाखवावयाचा, तीच दोष लपवावयास शिकवूं लागली, तर तिचा उपयोग काय?

कोणी म्हणेल, मग परीक्षा सैल करावी काय? मुळींच नाहीं. डायनॅमोमीटर कोणाची भीड धरीत नाहीं. तो एक अश्वशक्तीही पदरची घालीत नाहीं. परीक्षा कडकच असावी. परंतु आंकडा हातीं येतांच इंजिनावाला पाना उचलतो; आपण छडी किंवा टोमणा उचलतों. मूल हें यंत्र नव्हे, हेंही खरें. आणि म्हणूनच अधिक जपावयास हवें. जळलेला दट्ट्या बाजारांत नवा मिळतो; खचलेल्या मनास सुटा भाग मिळत नाहीं.

पालकांस आमची विनंति एवढीच, कीं पुढील निकालानंतर एकूण गुण विचारण्यापूर्वीं उत्तरपत्रिका घेऊन मुलाजवळ अर्धा तास बसावें आणि चुकलेलीं तीन उत्तरें त्याजबरोबर पाहावीं. विद्यार्थ्यांनो, उत्तरपत्रिका दप्तराच्या तळाशीं दडवूं नका. आणि चूक नेमकी कोठें झाली, तें समासांत लिहून देण्याचा नेम आम्हीही करीत आहों.