पारशी अग्निपूजक नव्हेत!

पारशी म्हणजे ‘अग्निपूजक’, हे बिरुद आजही सर्रास वापरले जाते. ते निव्वळ अज्ञानमूलक आहे. अवेस्तातील गाथांचे उपास्य दैवत एकच, अहुर मज्द. अग्नी हे त्याच्या प्रकाशाचे आणि ‘अश’ म्हणजेच सत्याचे प्रतीक. समईपुढे हात जोडणाऱ्यास कोणी तेलवातीचा भक्त म्हणत नाही. मग पारशांनाच वेगळा न्याय का?

दुसरा आक्षेप द्वैताचा. मुंबईचे स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८४३ साली पारशी धर्मावर ग्रंथ लिहिला. त्याच्या नावातच ‘खंडन’ होते! पुण्यात संस्कृत शिकविणारे जर्मन पंडित मार्टिन हौग यांनी मात्र १८६२ मध्ये मूळ गाथांच्या आधारे प्रतिपादिले की, स्पेंत मैन्यू व अंग्र मैन्यू हे दोन ईश्वर नसून एकाच अहुर मज्दाच्या ठायी असलेल्या दोन प्रेरणा होत. उत्तरकालीन पहलवी ग्रंथांत हे द्वैत तीव्र झाले, हे खरे. परंतु धर्माची परीक्षा संस्थापकाच्या वाणीवरून करावयाची की उत्तरकालीन भाष्यांवरून?

सत् आणि असत् यांतून निवड माणसाने स्वतःच करावयाची. सद्विचार, सद्वचन व सत्कर्म हाच तिचा मार्ग. इतक्या उन्नत नीतिधर्माची ‘अग्निपूजा’ या एका शब्दात बोळवण करणे हा घोर अन्याय आहे. तो आता तरी थांबावा!