बुडालेली चांदी, वितळलेली चांदी

८ जून १७०८. कार्ताहेनाजवळच्या समुद्रात इंग्रजी आरमाराशी लढताना ‘सान होसे’ हे स्पॅनिश गॅलियन जहाज सुमारे ६०० माणसे आणि पेरूचे सोने-चांदी घेऊन बुडाले. अवशेष सापडल्याचे कोलंबियाने २०१५ मध्ये जाहीर केले. तेव्हापासून वाद एकच : खजिना कोणाचा?

मला मात्र न बुडालेली चांदी अधिक महत्त्वाची वाटते. पोतोसीच्या खाणीत वेठीला धरलेल्या माणसांनी काढलेल्या चांदीचे ‘रियाल’ युरोपमार्गे सुरतेपर्यंत पोहोचत. मोगल टांकसाळीत ते वितळत आणि त्यांचा रुपया होई. जुन्नरच्या पेठेत फिरलेल्या मोगल रुपयात पोतोसीचा अंश असणे म्हणूनच मुळीच अशक्य नाही.

त्या रुपयाचे आपण काय करतो? जुन्नर-आंबेगावात गुप्तधनाच्या कथा गडागडाला चिकटलेल्या आहेत. पण नांगराच्या फाळाला खरोखर मडके लागले, तर नाणी सोनाराच्या मुशीत जाण्याचीच भीती अधिक. वजनाचा भाव मिळतो. बादशहाचे नाव, टांकसाळ, सन कायमचे पुसले जाते. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. त्याला चौकशीची धास्ती असते, कायदा कोणी सांगितलेला नसतो.

१८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. सरकारने ते घेतल्यास धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक देण्याची तरतूद त्यातच आहे. (योगायोग असा, की स्पेनचा राजाही खाणीच्या चांदीतून पाचवाच हिस्सा घेई.) निदान ही तरतूद तरी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी.