जंगलात उभं राहिलेलं स्टेशन

दोस्तांनो, आधी गाव की आधी रेल्वे? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला! गाव असतं म्हणून तर तिथं गाडी थांबते. पण अमेरिकेच्या दक्षिण भागात कितीतरी ठिकाणी उलटंच घडलं. आधी रूळ आले, मग गाव. त्यातल्याच एका गावाची ही हकिगत. गावाचं नाव माउंड बायू.

जरा नकाशा काढा पाहू. मिसिसिपी राज्य सापडलं? त्याच्या पश्चिमेला मिसिसिपी नदी आहे. मेम्फिस आणि व्हिक्सबर्ग या दोन शहरांच्या मधला पट्टा नदीच्या गाळानं बनलेला. माती अशी कसदार की कापूस जोमानं यावा. पण त्या मातीवर उभं होतं घनदाट जंगल, आणि जंगलात दलदल, डास, साप, अस्वलं. (अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०२ साली बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला आणि त्यावरून 'टेडी बेअर' जन्माला आलं, ते याच प्रदेशात बरं का!)

या जंगलातून १८८४ साली रेल्वे सुरू झाली. गाडी धावायला लागली, पण तिकीट काढणार कोण? अस्वलं? माणसं नाहीत म्हणजे शेती नाही, शेती नाही म्हणजे माल नाही, आणि माल नाही म्हणजे कंपनीला कमाई नाही. म्हणून कंपनी रुळांकाठची जमीन विकत घेऊन तिथं राहायला तयार असणारी माणसं शोधू लागली. तेव्हा तिला भेटले आयझाया माँटगोमेरी.

आयझाया १८४७ साली जन्मले ते गुलाम म्हणून. त्यांचे मालक होते जोसेफ डेव्हिस. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेच्या राज्यांचे अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस, त्यांचे हे थोरले भाऊ. त्या काळी गुलामांना लिहा-वाचायला शिकू देत नसत. पण या मालकाच्या कचेरीत छोटा आयझाया कागदपत्रं सांभाळायचा आणि त्याच्या पुस्तकांतून वाचायचासुद्धा. यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी गेली, आणि आयझायाच्या वडिलांनी, बेंजामिन माँटगोमेरींनी, १८६६ साली काय करावं? मालकाचीच जमीन तीन लाख डॉलर कबूल करून विकत घेतली! पण नदीला पूर आले, कापसाचे भाव पडले, आणि शेवटी ती जमीन पुन्हा डेव्हिस कुटुंबाकडे गेली.

म्हणून १८८७ साली आयझाया आणि त्यांचे चुलतभाऊ बेंजामिन ग्रीन यांनी रेल्वेकडून ८४० एकर जंगल घेतलं, तेव्हा त्यांना नुसती शेती नको होती. आपल्या लोकांचं असं गाव हवं होतं, जिथं कुणी मालक नसेल. आलेल्या माणसांचा ते रान बघून धीर सुटला. आयझायांनी त्यांना समजावलं, की पिढ्यान्पिढ्या आपण दुसऱ्यांसाठी जंगलं तोडली, मग आता स्वतःसाठी का नको?

मग कुऱ्हाडी चालू झाल्या. पण पीक हाती येईपर्यंत खायचं काय? तोडलेलं लाकूडच उपयोगी पडलं. लाकूड कापायची गिरणी निघाली, आणि लाकूड विकून घरं चालली. जंगल जसजसं मागं सरलं तसतसा कापूस पुढं आला. ओढे मिळतात तिथं मूळच्या इंडियन लोकांनी रचलेलं एक मातीचं टेकाड होतं, त्यावरून गावाचं नाव पडलं. माउंड म्हणजे टेकाड, बायू म्हणजे संथ ओढा.

१८९८ साली गावाला रीतसर मान्यता मिळाली आणि आयझाया पहिले महापौर झाले. १९०४ मध्ये चार्ल्स बँक्स यांनी बँक काढली. (बँक काढणाऱ्याचं आडनाव बँक्स! हा मात्र योगायोग.) १९०७ च्या सुमारास गाव आणि भोवतालची शेतं मिळून चार हजारांच्या आसपास वस्ती होती. दुकानदार काळा, डॉक्टर काळा, मास्तर काळे, महापौर काळा. त्या काळच्या मिसिसिपीत ही साधीसुधी गोष्ट नव्हती.

आता एक अवघड गोष्ट. आई-बाबांनाही विचारा, त्यांना काय वाटतं ते. १८९० साली मिसिसिपीची नवी राज्यघटना लिहिली जात होती. काळ्यांचा मतदानाचा हक्क काढून घ्यायचा, हा तिचा उघड हेतू. त्या सभेत एकच काळा सभासद होता, तो म्हणजे आयझाया. आणि त्यांनी त्या घटनेच्या बाजूनं मत दिलं! थोडं सोडलं तर गोरे शांत राहतील, अशी त्यांची आशा. गाव वाचवण्यासाठीच त्यांनी हे केलं, असं काहीजण मानतात. पण गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर लढलेले फ्रेडरिक डग्लस त्यांच्यावर फार चिडले. मला विचाराल तर किंमत फार मोठी मोजली गेली. तो हक्क खऱ्या अर्थानं परत मिळायला १९६५ साल उजाडलं.

गावानंही पुढं पुष्कळ सोसलं. १९१४ मध्ये बँक बुडाली, कापसाचे भाव गडगडले, घरं आगीत गेली. तरी १९४२ साली तिथं काळ्या लोकांनी स्वतःच्या वर्गणीतून इस्पितळ उभारलं, आणि लांबलांबून आजारी माणसं तिथं येऊ लागली.

माउंड बायू आजही आहे, साधारण दीड हजार वस्तीचं. आयझायांनी १९१० साली बांधलेलं लाल विटांचं दुमजली घरही तिथं उभं आहे.