फ्लाइट सिम्युलेटर विकला जाणार का? पण मुळात त्यात विकण्यासारखं काय आहे?

मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरकपात झाल्याची बातमी आली, की जगभरातली एक छोटी पण कट्टर जमात लगेच अस्वस्थ होते. हे काही शेअर बाजारवाले नाहीत. घरातल्या टेबलाला जॉयस्टिक लावून, खऱ्या वैमानिकासारखी चेकलिस्ट वाचून, मुंबई ते दुबई हा तीन-साडेतीन तासांचा प्रवास खरोखर तेवढाच वेळ खुर्चीत बसून पूर्ण करणारी ही माणसं. मध्ये दोन तास खाली फक्त समुद्र दिसतो, तरी ते उठत नाहीत.

त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. आता फ्लाइट सिम्युलेटरचं काय? कंपनी विकून टाकणार का? आणि घेणार कोण?

मग अंदाजांना ऊत येतो. विमान बनवणारी कंपनी घेईल, नाही नाही, चिनी कंपनी घेईल, कुणी म्हणतं चाहत्यांनीच वर्गणी काढून घ्यावा.

या चर्चेला सध्या कंपनीच्या कुठल्याही घोषणेचा आधार नाही. पण तिला हवेतली म्हणून सोडूनही देता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने गेमिंग विभागातल्या १,९०० लोकांना घरी पाठवलं. त्याच वर्षी मे महिन्यात जपानमधला टँगो गेमवर्क्स हा स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं. आणि ऑगस्टमध्ये कळलं की 'हाय-फाय रश' या गेमच्या हक्कांसकट तो स्टुडिओ क्राफ्टन घेतंय. क्राफ्टन म्हणजे तीच, बीजीएमआयवाली. नंतर जुलै २०२५ मध्ये कंपनीभर सुमारे ९,००० नोकऱ्यांवर गदा आली, आणि 'परफेक्ट डार्क'सारखा कित्येक वर्षं बनत असलेला गेम त्यातच रद्द झाला.

म्हणजे मायक्रोसॉफ्ट गेम बंद करते आणि कधीकधी विकतेही. चाहत्यांची भीती वेडगळ नाही. फक्त त्यांचा प्रश्न थोडा चुकतोय. 'कोण घेणार' याच्याआधी 'घेणार म्हणजे नक्की काय घेणार' हे विचारायला हवं. कारण फ्लाइट सिम्युलेटरचे तुकडे आधीही पडलेत, आणि ते कुणाच्याच अंदाजाप्रमाणे पडले नव्हते.

विषय पार मागे जातो. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आला १९८२ मध्ये, आयबीएमच्या पीसीसाठी. विंडोज आलं १९८५ ला. म्हणजे हा गेम विंडोजपेक्षा वयाने मोठा. पण गंमत अशी, की तो मायक्रोसॉफ्टने बनवलेलाच नव्हता. ब्रूस आर्टविक नावाच्या इंजिनिअरने सबलॉजिक या कंपनीतर्फे आधी ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी असा गेम काढला होता. मायक्रोसॉफ्टने त्याच्याकडून परवाना घेतला. आर्टविकने पुढे स्वतःची वेगळी कंपनी काढली आणि १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. तोपर्यंत तेरा वर्षं डब्यावरचं नाव एकाचं आणि आतला माल दुसऱ्याचा, असाच कारभार चालू होता.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं सुवर्णकाळ. ऑक्टोबर २००६ मध्ये 'फ्लाइट सिम्युलेटर एक्स' आला, चाहत्यांच्या भाषेत एफएसएक्स. आणि जानेवारी २००९ मध्ये, जागतिक मंदीच्या तडाख्यात, मायक्रोसॉफ्टने तो बनवणारा एसेस हा अख्खा स्टुडिओच बंद केला.

आजची भीती आहे ती या दिवसाची.

त्या वेळी कंपनीने सांगितलं की फ्लाइट सिम्युलेटरशी आमची बांधिलकी कायम आहे. स्टुडिओच नाही तर बांधिलकी कुणाच्या जिवावर, हे कुणालाच कळेना. खरेदीदारांची नावं तेव्हाही फिरली. ॲड-ऑन विकणाऱ्या जर्मनीच्या एअरोसॉफ्टने स्वतःचाच सिम्युलेटर बनवायचा विचार बोलून दाखवला, पण तो काही तडीस गेला नाही.

मग घेतला कुणी? लॉकहीड मार्टिनने. एफ-३५ लढाऊ विमान बनवणारी अमेरिकी संरक्षण कंपनी. तिने गेम घेतला नाही. एफएसएक्सच्याच पायावर मायक्रोसॉफ्टने 'ईएसपी' नावाचं व्यावसायिक प्रशिक्षणाचं सॉफ्टवेअर काढलं होतं, त्याचे हक्क तिने घेतले आणि २०१० मध्ये 'प्रीपार३डी' बाजारात आणला. त्याच्या परवान्यात स्पष्ट अट, हा वैयक्तिक करमणुकीसाठी नाही. गेमचा कोड गेला, पण गेम म्हणून खेळायचा हक्क काही त्याच्यासोबत गेला नाही. चाहत्यांनी अर्थात यातूनही वाट काढली. विद्यार्थ्यांसाठीचा परवाना घेऊन कित्येकांनी वर्षानुवर्षं घरी विमानं उडवली. ते नेमकं काय शिकत होते, हे कुणी विचारलं नाही.

नाव मात्र मायक्रोसॉफ्टने स्वतःकडेच ठेवलं होतं. फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने नुसता 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट' काढला. फुकट होता, सोपा होता, आणि सुरुवातीला त्यात फक्त हवाईचं एक बेट होतं. बाहेरच्या कुणाला त्यासाठी विमान किंवा विमानतळ बनवायची परवानगी नव्हती. पाच महिन्यांत, जुलै २०१२ ला, त्याचं काम थांबलं.

तिसरा तुकडा २०१४ मध्ये गेला. ट्रेन सिम्युलेटरसाठी ओळखल्या जाणाऱ्या ब्रिटनच्या डवटेल गेम्सने परवाना घेतला आणि डिसेंबरमध्ये जुना एफएसएक्स स्टीमवर आणला. पुढे त्यावरूनच 'फ्लाइट सिम वर्ल्ड' बनवायला घेतला, पण २०१८ मध्ये तोही गुंडाळला.

म्हणजे हिशोब असा, की नाव एका घरी, कोड दुसऱ्या घरी, दुकानाची किल्ली तिसऱ्याकडे, आणि बनवणारी माणसं चार दिशांना. यातल्या एकालाही रूढ अर्थाने 'फ्लाइट सिम्युलेटर विकला' असं म्हणता येणार नाही. तरी ज्याने एसेसच्या भरवशावर पुढच्या गेमची वाट पाहिली, त्याच्यासाठी तो संपलेलाच होता. दहा वर्षांहून जास्त काळ.

आता यात चाहत्यांचं एवढं काय अडकलंय?

पैसा, आणि बराच. या गेमच्या भोवती एक वेगळाच बाजार आहे. मूळ गेम म्हणजे नुसतं मैदान. एखाद्या बोइंगचं प्रत्येक बटण खऱ्यासारखं चालणारं मॉडेल हवं असेल तर ते पीएमडीजीसारख्या बाहेरच्या कंपन्या बनवतात, आणि अशा एका विमानासाठी पाच हजार रुपयांच्या पुढेही मोजावे लागतात. वर विमानतळ वेगळे, हवामान वेगळं. हौशी माणसाचा गेमवर होतो त्याच्या कित्येक पट खर्च यावर होतो. ही विमानं बनवणाऱ्या कंपन्या बहुतेक छोट्या, काही तर दोन-चार माणसांच्या. गेमचा मालक बदलला आणि नव्या मालकाने दार बंद केलं, की यांचं दुकान बंद. 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट'ने नेमकं तेच केलं होतं, म्हणून त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

तरीही २००९ मध्ये एक दिलासा होता. स्टुडिओ बंद झाला तरी घरातली डीव्हीडी चालत होती. एफएसएक्स आजही चालतो. त्याचं जग त्या डीव्हीडीत होतं.

आजच्या गेमचं तसं नाही, आणि विक्रीच्या चर्चेत नेमका हाच भाग हरवतो.

ऑगस्ट २०२० मध्ये आलेला नवा फ्लाइट सिम्युलेटर फ्रान्समधल्या बोर्दोच्या असोबो स्टुडिओने बनवला. असोबो मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. म्हणजे १९८२ चीच गोष्ट पुन्हा. पण जमीन आली बिंग मॅप्सच्या नकाशांतून, आणि ती साठवली मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युर क्लाउडवर, दोन पेटाबाइटहून जास्त डेटा. तुम्ही पुण्यावरून विमान नेता तेव्हा खालचं पुणं तुमच्या कॉम्प्युटरमध्ये नसतं, ते त्या क्षणी इंटरनेटवरून येत असतं. नेट बंद केलं तर २०२० चा गेम चालतो, पण खाली ढोबळ, अंदाजाने रंगवलेली जमीन दिसते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या 'फ्लाइट सिम्युलेटर २०२४'ने ही पद्धत आणखी पुढे नेली. आता विमानं आणि विमानतळसुद्धा गरजेप्रमाणे क्लाउडवरून येतात. परिणाम पहिल्याच दिवशी दिसला. कंपनीने २ लाख कृत्रिम खेळाडूंवर चाचणी घेतली होती, पण प्रत्यक्ष गर्दीपुढे सर्व्हरने मान टाकली. लोकांनी पूर्ण पैसे भरले आणि लोडिंगची रेघ बघत बसले.

आता समजा, कुणी हा गेम विकत घ्यायला निघालं. नाव मिळेल. कोडचं असोबोशी बोलावं लागेल. पण पृथ्वी? ती बिंगची आहे. ती रोज लाखो लोकांपर्यंत पोचवणारा क्लाउड ॲझ्युरचा आहे. मायक्रोसॉफ्ट या दोन्ही गोष्टी विकणार नाही, फार तर भाड्याने देईल. म्हणजे खरेदीदाराला गेम विकत घेऊन वर कायमचं भाडं भरावं लागणार, आणि तेही ज्याच्याकडून घेतला त्यालाच. हा सौदा कुणालाही जड जाईल. म्हणून नजीकच्या काळात सरळ विक्री होईल असं वाटत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये हाच गेम सोनीच्या प्लेस्टेशन ५ वर आणला गेला. गिऱ्हाईक वाढवायचं चाललंय, आणि जी कंपनी हे करतेय ती त्याच वेळी दुकान आवरायला घेईल, हे जरा अवघड दिसतं.

खरा धोका विक्रीचा नाहीच, खर्च कमी करण्याचा आहे. नवा मालक न येताही एखाद्या तिमाहीत कुणीतरी म्हणू शकतं की जुन्या आवृत्तीचा सर्व्हर आता परवडत नाही. युबिसॉफ्टने २०२४ मध्ये 'द क्रू' या रेसिंग गेमचे सर्व्हर बंद केले, तेव्हा पैसे देऊन घेतलेला गेम लोकांच्या हातात निव्वळ डबा होऊन राहिला. त्यातूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली, आणि जुलै २०२५ मध्ये युरोपात तिच्या बाजूने सह्यांचा आकडा १० लाखांच्या पुढे गेला. मागणी साधी आहे, गेम बंद करायचा असेल तर तो चालू राहील अशा स्थितीत सोडून जा.

रेसिंगच्या गेममध्ये हे निदान कल्पना करता येतं. दोन पेटाबाइटची पृथ्वी मात्र कुणाच्या घरच्या हार्ड डिस्कवर सोडून जाता येत नाही. म्हणून काही जुनी मंडळी आतापासूनच शेजारी 'एक्स-प्लेन' ठेवून आहेत. त्यातलं जग तेवढं देखणं नाही, पण ते डाउनलोड करून आपल्या डिस्कवर ठेवता येतं. आणि ज्यांना कुठल्याच कंपनीवर भरवसा नाही त्यांच्यासाठी 'फ्लाइटगिअर' आहे. नव्वदच्या दशकापासून चालू आहे, फुकट आहे, कोड सगळ्यांसाठी खुला आहे.